सुताराच्या करवतीची सुरी: एका घरगुती कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या सोसायटीतली एक मुलगी रविवारी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोलादी पट्टी घेऊन माझ्याकडे आली. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर ट्रेड शिकवला, हे तिला माहीत होतं. इथे कुणाचंही नाव दिलेलं नाही. तिला मी ‘मुलगी’ म्हणेन आणि तिच्या आईला ‘वहिनी’, कारण प्रत्यक्षातही तसंच म्हणतो.

तिचे वडील सुतार. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणायचं आणि दारं, चौकटी, देव्हारे करायचे, असं त्यांचं आयुष्य गेलं. ते गेल्यावर हत्यारांची पत्र्याची पेटी माळ्यावर राहिली. वहिनींनी जन्मभर विळीवर भाजी चिरली. पण गेल्या वर्षी गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही असं बजावलं. तेव्हापासून त्या ओट्याशी उभ्या राहून बाजारातल्या स्टेनलेसच्या सुरीने चिरतात. मेथीची जुडी दोन मिनिटांत संपवणारी बाई कांद्याला घाबरायला लागली.

मुलीच्या मनात आलं की बाबांच्या २६ इंची करवतीच्या पात्याची आईसाठी सुरी करावी. बेत चांगलाच होता. पण चांगली करवत मोडून सुरी करायला मी कधीच हो म्हटलं नसतं. कानशीने पुन्हा धार लावता येणारी करवत आता सहज मिळत नाही आणि ती वापरणाऱ्याच्या हाती जावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून पट्टी कापून उरलेलं पातं आधी मागवून पाहिलं. टोकाकडे ते दुमडून पुन्हा सरळ केलेलं होतं, घडीच्या जागी डोळ्यांना दिसेल अशी चीर होती आणि मूठ वरच्या शिंगासारख्या टोकाशी तुटलेली. करवत म्हणून ती संपली होती, तेव्हा मी तयार झालो.

अडचण

माझ्याकडे यायच्या आधीच एक गोष्ट घडून गेली होती. घराजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात तिने पातं नेलं आणि दात्यांच्या रेषेला समांतर, ४५ मिमी रुंद आणि २७० मिमी लांब पट्टी कापून मागितली. कारागिराने फिरत्या चाकाचा कटर लावला. दोन मिनिटांत पट्टी सुटली. तो पुढे धारही काढून देणार होता. पण कापलेल्या कडेला निळा-जांभळा रंग चढलेला पाहून ती घाबरली आणि पट्टी घेऊन निघाली. तिला कारण ठाऊक नव्हतं, पण थांबली ते फार बरं झालं.

पट्टी उजेडात तिरकी धरली. कडेला राखाडी-काळपट पट्टा, मग निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी गवती पिवळा. पोलाद तापताना त्यावर हे रंग उमटतात. गवती रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. करवतीचं पातं लवचीक राहावं म्हणून कारखान्यातच त्याला कडक करून पुन्हा निळ्या रंगाइतकं किंवा त्याहून थोडं जास्त तापवलेलं असतं. म्हणून निळ्याच्या आतल्या भागाची मला काळजी नव्हती. खरा प्रश्न बाहेरच्या राखाडी पट्ट्याचा होता.

तिच्या हातात जुनी बारीक कानस दिली आणि कडेपासून आत हलके फटके मारून बघायला सांगितलं. अगदी कडेला कानस काचेवरून जावी तशी सरकली. मिलिमीटरभर आत ती एकदम रुतली, जणू साधं लोखंडच. आणखी आत गेल्यावर तिला एकसारखी, थोडी ताठ पकड मिळाली. तिने पुन्हा पुन्हा कानस फिरवली आणि म्हणाली, “काका, एकाच पत्र्यात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत.”

होत्याच. कटरच्या चाकाखाली कड लाल झाली आणि लगतच्या थंड पत्र्याने ती क्षणात निववली, म्हणून तिला नको इतकं कडक पाणी बसलं. पाणी म्हणजे तापवून-निववून पोलादाला आणलेला कडकपणा. अशी कड ठिसूळ असते. तिच्या आतला भाग लाल होण्याइतका तापला नाही, पण जितका तापला तेवढ्याने तिथलं पाणी उतरलं. आणि नेमकी हीच कड सुरीची धार होणार होती, कारण दाते पाठीकडे ठेवायचे असं तिने ठरवलं होतं. “बाबांचे दाते दिसले पाहिजेत,” ती म्हणाली.

पर्याय

कुठलंही हत्यार हातात घेण्याआधी आम्ही तासभर बोललो. कामाचा कस तिथेच लागला.

पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. तुळशीबागेत ओट्याला स्क्रूने बसवायची विळी मिळते, तीही उभ्याने वापरता येते. वहिनींच्या हाताला तीच सवयीची होती. मी तसं सुचवलं. मुलगी गप्प झाली. तिला आईची सोय करायची होतीच, पण वडिलांचं काही आईच्या रोजच्या हातात यावं, ही इच्छा त्याहून मोठी होती. मी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता. त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरा पर्याय तिच्या ऑफिसमधल्या मित्राने सुचवलेला: भोसरीच्या कारखान्यांतून भंगारात येणारं पॉवर हॅकसॉचं, म्हणजे धातू कापायच्या यांत्रिक करवतीचं पातं. त्याच्या सुऱ्या बरेच जण करतात आणि त्या धार उत्तम धरतात. ते बहुतेकदा हायस्पीड स्टील असतं. कापताना लालबुंद होण्याच्या जवळ गेलं तरी त्याचा कडकपणा टिकतो, म्हणून ग्राइंडरवर त्याचं पाणी सहजासहजी उतरत नाही. पण अख्खं पातंच इतकं कडक की कानस त्यावर ओरखडाही काढत नाही आणि साधा ड्रिल बिट भोक पाडत नाही. म्हणजे सगळं काम मशीनवर. आमच्याकडे पार्किंगच्या कोपऱ्यातलं बाक, एक शेगडा (काम घट्ट पकडायचा व्हाइस) आणि माझी हातहत्यारं एवढंच होतं.

तिसरा पर्याय पट्टी कोळशात लाल करून नव्याने पाणी द्यायचा. तिने व्हिडिओत पाहिलं होतं आणि तिला ते करून बघायचं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. व्हर्निअरवर पट्टी ०.९ मिमी भरली होती. एवढा पातळ पत्रा लाल करून तेलात बुडवला की पापडासारखा वाकतो आणि सरळ करताना तडकतो. त्यातून सोसायटीच्या आवारात भट्टी आणि गरम तेल. शिवाय गरज काय होती? कारखान्याने दिलेलं चांगलं पाणी पट्टीच्या बाकी सगळ्या भागात शाबूत होतं. तिचे वडील हीच करवत तिकोनी कानशीने लावत. म्हणजे पोलाद कानशीला दाद देण्याइतकं मऊ आणि सागवान कापण्याइतकं कडक आहे, याचा पुरावा घरातच होता. या कामात आपण पाणी द्यायचं नाही, दिलेलं राखायचं, हे ठरलं. हातहत्यारांचा फायदा इथेच आहे. कानशीने पातं हाताला कोमट लागेल, त्यापलीकडे तापत नाही.

उरले दोन मार्ग. खराब कड कापून याच पट्टीची सुरी करायची, किंवा मूळ पात्याच्या रुंद भागातून, दाते सोडून, नवी ५० मिमीची पट्टी काढायची. मी दुसरा सुचवला, कारण पहिल्यात ५ मिमी जाऊन रुंदी ४० वर येणार होती. दात्यांपायी ती पहिल्यावर अडली. तिचा चेहरा पाहून मी मान्य केलं. या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय तो.

प्रत्यक्ष काम

पहिल्या रविवारी रॉकेल आणि एमरी पेपरने गंज काढला. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर आकार कापला: १६० मिमीचं पातं, पुढे हलकी गोलाई, टोक बोथट, मागे ११० मिमी मुठीत जाणारा भाग. टोकदार आकार तिला आवडला होता, पण भाजीच्या सुरीला टोकाचं काम फारसं नसतं.

कायद्याचंही तिने विचारलं, कारण पुण्यात कोयत्याच्या बातम्या सतत येतात आणि वॉचमनने दोनदा चौकशी केली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. आपली सुरी त्या मापाच्या आत होती आणि स्वयंपाकघरासाठीच होती. तरी अर्धवट पातं पिशवीत घालून बसमधून फिरवायचं नाही, ते माझ्या कपाटात राहील, असं मी सांगितलं. वॉचमनला बोलावून काम दाखवलं. पुढच्या रविवारी तो स्वतःच शेगड्याशी येऊन उभा राहिला.

मग खराब कड कापणं. निळ्या रेषेच्या आत, कडेपासून ५ मिमीवर रेघ मारली. पट्टी दोन सागवानी पट्ट्यांमध्ये दाबून शेगड्यात धरली, कारण पातळ पत्रा उघडा धरला तर तो थरथरतो, कानठळ्या बसतात आणि हॅकसॉचे दाते तुटतात. हॅकसॉला इंचाला ३२ दात्यांचं पातं लावलं. त्यातही ०.९ मिमी जाडीत सरळ धरल्यावर जेमतेम एकच दाता बसतो. म्हणून फ्रेम खाली झोपवून, अगदी तिरक्या कोनात चालवली, म्हणजे एका वेळी चार-पाच दाते पत्र्यावर राहतात. मिनिटाला चाळीसेक फेऱ्या, दाब पुढे जाताना, परतताना हलका हात. ती सुरुवातीला दुप्पट वेगाने चालवत होती. एक पातं वाया गेलं तेव्हा हात आपोआप सावकाश झाला. २७० मिमीच्या कापाला दोन पाती आणि संपूर्ण सकाळ लागली. जे काम कटरने दोन मिनिटांत बिघडवलं, ते दुरुस्त करायला एवढा वेळ गेला.

आकार कानशीने आणला. आधी १० इंची बास्टर्ड म्हणजे खडबडीत दात्यांची, मग मध्यम सेकंड कट, शेवटी बारीक स्मूथ. कानशीवर खडू घासून घेतला, म्हणजे दात्यांत कीस अडकून ओरखडे पडत नाहीत. फिटरच्या पहिल्या महिन्यात मी मुलांना जे सांगायचो तेच तिला सांगितलं: कानस पुढे जाताना कापते, मागे ओढताना उचल. दुसऱ्या दिवशी तिचे खांदे भरून आले. तिसऱ्या रविवारी मी डोळे मिटून बसलो होतो. नुसत्या आवाजावरून मला कळत होतं की कानस आता सपाट चालते आहे, झुलत नाही. शिक्षकाला यापरतं सुख नाही.

धारेचा उतार काढायला पट्टी सपाट लाकडी ठोकळ्यावर आडवी बसवली आणि दोन्ही बाजूंनी सुमारे ५ मिमी रुंदीचा उतार घासला. धारेशी पाव मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवून थांबलो. त्याखाली कानशीने गेलं की कड लाटेसारखी होते. शेवटचं काम दगडाचं.

मुठीच्या भोकांनी दमवलं. ४ मिमीची तीन भोकं, खाली लाकडाचा ठोकळा, वर तेलाचा थेंब आणि हाताने फिरवायचं ड्रिल. पहिला साधा बिट दहा मिनिटांत चकचकीत बोथट झाला. बोहरी आळीतून कोबाल्टचा बिट आणला. भरपूर दाब आणि संथ फिरवणं असं धोरण ठेवलं, कारण अशा पोलादावर बिट नुसता घासत राहिला की पृष्ठभाग चकाकतो आणि मग काहीच कापलं जात नाही. हातड्रिल मुळातच संथ, त्याचा इथे उपयोग झाला. तिन्ही भोकं त्याच एका बिटने पडली.

मूठ कशाची करायची यावर चर्चाच झाली नाही. करवतीची तुटकी शिसवी मूठ होतीच. तिच्या जाड भागातून जेमतेम ११० मिमीचा तुकडा निघाला, तो उभा चिरून दोन पट्ट्या केल्या. त्या पट्टीपेक्षा किंचित रुंद ठेवल्या, म्हणजे मुठीतल्या भागाचे दाते लाकडाच्या आत झाकले जातील. ॲराल्डाइट लावून, पितळी सळीचे तुकडे भोकांत घालून, गोल डोक्याच्या हातोडीने दोन्हीकडून हळूहळू ठेचले. पितळ पसरून लाकडात बसतं तो क्षण फार सुंदर असतो. घाई केली तर मात्र शिसव तडकतं. त्यावर कच्चं जवसाचं तेल चार हात दिले. सुतार-रंगारी वापरतात ते बेलतेल, म्हणजे लवकर सुकणारं तयार जवसाचं तेल, मी मुद्दाम टाळलं. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूची द्रव्यं घातलेली असतात आणि ही मूठ ओल्या हातांत, अन्नाजवळ राहणार होती. कच्चं तेल सुकायला दिवस लागतात. तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती दोरीवर पसरून वाळवली.

धार कार्बोरंडमच्या दोन बाजूंच्या दगडावर, पाणी घेऊन काढली. खडबडीत बाजूवर एकेका अंगाने घासत राहायचं, पलीकडच्या अंगाला बोटाने बर, म्हणजे धारेवर वळलेली बारीक खरखरीत कड, लागेपर्यंत. ती अख्ख्या लांबीभर लागली की बाजू बदलायची. मग बारीक बाजू आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढणं. तिने वर्तमानपत्राचा कागद धरला आणि सुरी आवाज न करता आरपार गेली.

काय झालं

पाचव्या रविवारी दुपारी सुरी वहिनींच्या हातात गेली. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबलो होतो. त्यांनी मूठ पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. मग मेथीची जुडी घेतली.

पुढच्या दोन मिनिटांत पाच रविवारच्या कामातल्या चुका माझ्या डोळ्यांसमोर आल्या. वहिनी एका हाताने सुरी चालवत नव्हत्या. विळीवर भाजी दोन्ही हातांनी धारेवर लोटतात, ती सवय हातात होती. त्यांनी उजव्या हाताने मूठ धरली आणि डाव्या हाताचा तळवा सरळ सुरीच्या पाठीवर ठेवून दाबला. पाठीवर दाते होते. टोकं आम्ही थोडी गोल केली होती, तरी त्यांनी तळवा उचलला तेव्हा त्यावर फणीने ओढावं तसे लाल ठिपके ओळीने उठले होते. रक्त आलं नाही, पण मुलीचा चेहरा उतरला.

दुसरं लगेच दिसलं. पातं ४० मिमी रुंद. मूठ धरलेली बोटं चिरायच्या पाटाला टेकत होती आणि धार पूर्ण खाली जाण्याआधीच हात अडत होता. ५० मिमीची पट्टी घेतली असती तर हे टळलं असतं.

त्याच संध्याकाळी मुलगी परत आली. “काका, दाते काढून टाकते,” म्हणाली. मी थोडे दिवस थांब म्हटलं, पण ती थांबली नाही. दोन संध्याकाळी बसून तिने स्वतः पाठ घासली, कडा गोल केल्या आणि बारीक एमरीने गुळगुळीत केली. रुंदी आणखी ३ मिमीने घटली. पाठीवर पितळी किंवा तांब्याची पट्टी दुमडून बसवावी, म्हणजे तळव्याला रुंद टेकू मिळेल, असंही आमच्या मनात आलं. तांबट आळीतून पत्रा आणता आला असता. पण पट्टीच्या सांध्यात भाजीचा रस अडकून पातं आतून गंजलं असतं, म्हणून सोडून दिलं. मुठीच्या लाकडाखाली मात्र ते झाकलेले दाते आजही तसेच आहेत. ते दिसत नाहीत, पण तिला आणि वहिनींना ठाऊक आहे.

बोटं अडण्यावर उपाय वहिनींनीच काढला. पाट ओट्याच्या कडेला सरकवला आणि मूठ पाटाच्या बाहेर हवेत ठेवून चिरू लागल्या. खरंच, तसं केल्यावर हात मोकळा खाली जातो.

गंजाची मला धास्ती होती. साधं पोलाद लिंबू, कैरी, टोमॅटोने काळं पडतं. पहिले काही दिवस कांद्यालाही करडी झाक येते. पण ते वहिनींना समजावून सांगावंच लागलं नाही. लोखंडी विळी त्यांनी आयुष्यभर सांभाळली होती. चिरून झालं की पुसायचं, कोरडं करायचं आणि रात्री तेलाचं बोट फिरवायचं, हे त्या आपसूक करत होत्या. आता पात्यावर निळसर-करडा पक्का रंग बसला आहे आणि भाजीला लोखंडाचा वास येत नाही.

एक अपघात झाला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी या सुरीने करवंटीतून नारळ सुटा करायचा प्रयत्न केला. धारेत अर्धा सेंटिमीटर लांबीची खाच पडली. जवळून पाहिलं तर तुकडा उडालेला नव्हता, धार एका बाजूला वळली होती. करवतीचं पोलाद बाजारातल्या चांगल्या सुरीपेक्षा मऊ असतं, म्हणून ते तुटण्याऐवजी वाकतं. दगडावर वीस मिनिटांत खाच गेली. त्यानंतर तुळशीबागेतून ओट्याला बसणारी छोटी विळी आणली, खवणीसह. नारळ, सुरण, भोपळा तिच्यावर. पालेभाजी, कांदा, काकडी, टोमॅटो सुरीने. सुरीला पंधरवड्यातून एकदा दगड लावावा लागतो. ते काम मुलगी करते आणि आता माझ्यापेक्षा सफाईने करते.

एकूण हिशेब: पाच रविवार आणि दोन संध्याकाळी, मिळून पंचवीसेक तास. हॅकसॉची तीन पाती, दोन बिट, एमरी, ॲराल्डाइट, पितळी सळी एवढंच विकत घेतलं. दगड माझाच होता.

काय वेगळं करता आलं असतं

कटरचा निर्णय मुलीचा आणि अजाणतेपणाचा, त्याला मी फार महत्त्व देत नाही. तरी ज्यांना हे काम करायचं असेल त्यांनी जुन्या पात्याला आधी कानस लावून बघावी आणि चाक लावणं टाळावं. चाक लावावंच लागलं तर रेषेपासून निदान ६ मिमी दूर कापावं आणि उरलेलं हाताने काढावं. कडक झालेली कड कानशीने घासू नये, कानस खराब होते. चांगल्या पोलादात शिरून अख्खा खराब पट्टाच कापून टाकावा.

दात्यांच्या बाबतीत चूक माझी आहे. मुलगी भावनेने बोलत होती आणि तिने तसंच बोलायला हवं होतं. सुरीच्या पाठीवर तळवा येतो, बोट येतं, पुसताना फडकं येतं, हे मला माहीत होतं. तिला दुखवायचं नाही म्हणून मी गप्प बसलो आणि ते दुखणं तिच्या आईच्या तळव्यावर गेलं. बाकाशेजारी उभं राहून विद्यार्थ्याला नाही म्हणणं हाच शिक्षकाचा पगार असतो. निवृत्तीनंतरही तो नियम बदलत नाही.

पण त्याहून मोठी चूक आधीची आहे आणि ती आम्हा दोघांची. पाच रविवार आम्ही पोलाद पाहिलं, रंग पाहिले, जाडी मोजली आणि वहिनींना भाजी चिरताना एकदाही पाहिलं नाही. पुठ्ठ्याचा आकार घरी नेऊन त्यांच्या हातात दिला असता, लाकडाची नुसती नकली सुरी करून मेथीवर ठेवायला सांगितलं असतं, तर तळवा कुठे पडतो आणि बोटं कुठे अडतात हे दहा मिनिटांत कळलं असतं. दाते आपोआप बाद झाले असते, रुंद पट्टी निघाली असती आणि ओट्याच्या विळीचा मुद्दाही त्याच वेळी पुन्हा निघाला असता. ती आधी आणली असती तर सुरी फक्त पालेभाजीसाठी, आणखी पातळ उताराची करता आली असती.

संरक्षक चष्म्याबद्दलही लिहायला हवं. पहिल्या रविवारी हॅकसॉचं पातं तुटलं तेव्हा एक तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात जाऊन पडला. त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही चष्मा लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीच दोन आणले.

सध्याची स्थिती

करवतीचा दुमडलेला पुढचा भाग अजून माझ्या कपाटात आहे. चीर वगळली तर त्यातून हातभर चांगला पत्रा निघतो. वहिनींनी त्याचं धिरड्यांसाठी उलथणं मागितलं आहे. गेल्या रविवारी मी आणि मुलगी कानस न उचलता त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी सहा धिरडी केली. त्या तव्याशी कशा उभ्या राहतात, मनगट कुठे वळतं, उलथणं कडेखाली कुठून सारतात, हे मुलीने वहीत काढून घेतलं.